उंची कुठून मोजली, हे मी विचारले नाही

सहकारी सोसायट्यांचे हिशेब तपासणे हा माझा गेल्या बावीस वर्षांचा व्यवसाय आहे आणि व्हाउचर नसलेली दहा रुपयांची नोंदसुद्धा मी लाल शाईने अडवतो, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहिले आहे त्यात मी स्वतः मोटरसायकलच्या पुढच्या काचेपायी पक्क्या बिलाविना ६,४०० रुपये मोजले आहेत आणि त्यावरून घरात माझी व्हायची तेवढी थट्टा होऊन गेली आहे.

मी बेळगावात वडगावला राहतो. कामासाठी खानापूर, संकेश्वर, निपाणी, चंदगड या बाजूंना आठवड्यातून तीन-चार दिवस जावे लागते, वर्षातून दोनतीनदा थेट पुण्यालाही, आणि हा सगळा प्रवास मी लांब पल्ल्याच्या जातीच्या मोटरसायकलवरून करतो. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पुढची काच, जिला आमच्याकडच्या दुकानांतून सरसकट ‘वायझर’ म्हणतात, ती मात्र बुटकी होती. शहरात तिचे काही वाटत नसे. परंतु काकती मागे टाकून महामार्गाने वंटमुरीचा घाट लागला आणि वेग ताशी ८० च्या वर गेला की वारा थेट छातीवर आणि खांद्यांवर येई, आणि नोव्हेंबरातल्या पहाटे निपाणीला पोहोचेपर्यंत हात-छाती गारठून गेलेली असे. उंच काच बसवावी, एवढाच साधा विचार होता.

शहरातल्याच एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला गाडीवर ताठ बसवले, हँडलपासून नाकापर्यंत टेप धरला, एक डोळा मिटून पाहिले आणि मग टेपकडे दुर्लक्ष करून विचारले, “साहेब, तुमची उंची किती?”

“पाच फूट नऊ इंच.”

“मग अठरा इंची पाहिजे बघा. आमचं गणित चुकत नाही ओ.”

काउंटरच्या काचेखाली त्याने लॅमिनेट केलेला तक्ता ठेवला होता. एका रकान्यात चालकाची उंची, दुसऱ्या रकान्यात वायझरची उंची. तक्ता दिसला की माझा विश्वास बसतो, हा माझा धंद्यातला दोष आहे. शिवाय तो मराठीत बोलत होता, माझ्या आजोळच्या गावाचे नाव त्याला माहीत होते आणि “आपल्या माणसाकडून जास्त घेऊन कुठं जायचं” हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले. आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात या वाक्याला किती वजन आहे, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

किंमत ४,८०० रुपये ठरली. माल परदेशी, पॉलीकार्बोनेटचा, न फुटणारा, बारा दिवसांत येईल, असे त्याने तोंडी सांगितले. ३,००० रुपये आगाऊ मागितले आणि दुकानाचे खाते तूर्त बंद असल्याने घरच्यांच्या नावावर मोबाइलवरून टाका म्हणाला. पावती म्हणून जे मिळाले ती ‘अंदाज’ असे शीर्षक छापलेल्या पॅडवरची चिठ्ठी होती आणि तिच्यावर एवढेच लिहिले होते: ‘वायझर १८ इंच, पॉली, ४८००’. दुसऱ्या एखाद्या सोसायटीच्या दप्तरात अशी चिठ्ठी सापडली असती तर मी सचिवाला उभे करून विचारले असते.

काच आली ती दोन्ही बाजूंनी संरक्षक फिल्म लावलेली होती. फिल्मवर ‘पॉलीकार्बोनेट’ असा चंदेरी स्टिकर होता. बसवून झाल्यावर त्याने फिल्म आठ दिवस काढू नका, वरचा थर ‘सेट’ होऊ द्या, असे बजावले. फिल्मची आणि थर सेट होण्याची काही सांगड नसते, हे मला आता कळते. आठ दिवस उसंत मिळाली की गिऱ्हाईक उरलेले १,८०० रुपये देऊन मोकळे होते आणि मग भांडायला त्याच्या हातात काही उरत नाही, एवढाच त्या थराचा अर्थ.

पहिल्याच फेरीत वंटमुरीच्या चढावर माझ्या लक्षात आले की त्रास कमी झालेला नसून त्याने जागा बदलली आहे. पूर्वी छातीवर येणारा वारा आता काचेच्या वरच्या कडेवरून उसळून सरळ हेल्मेटवर येत होता. हेल्मेट कोणीतरी दोन्ही हातांनी धरून हलवावे तसे हलत होते आणि कानांत असा घणघणाट होता की हत्तरगीच्या टोल नाक्यावर वेग कमी केला तेव्हा मागून सौ. म्हणाल्या, “अहो, मी मघापासून थांबा थांबा म्हणतेय.” मला एक शब्दही ऐकू आलेला नव्हता.

या त्रासाचे कारण सोपे आहे, पण ते मला खूप उशिरा समजले. काचेच्या कडेवरून निघालेला वारा तिथेच खाली वळत नाही. तो कडेच्या थोडा वरून मागे जातो आणि त्याच्याखाली काचेमागे कमी दाबाची, भोवऱ्यांची पोकळी तयार होते. कड नाकाच्या शेंड्याच्या आसपास असेल तर स्वच्छ वारा हेल्मेटच्या माथ्यावरून निघून जातो. कड गळ्याच्या पातळीवर असेल तर तोच गढूळ झालेला वारा नेमका तोंडावर आदळतो. म्हणजे बुटकी काच चालते, पुरेशी उंच काच चालते, पण अर्धवट उंच काच सर्वांत वाईट. माझी तशी होती.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराला जराही आश्चर्य वाटले नाही. काचेच्या वर चिमट्यांनी अडकवायची एक पट्टी असते, ती १,६०० रुपयांना बसवा, सगळा त्रास जाईल, असे त्याने सुचवले. अशा पट्टीने वारा वर ढकलला जातो हे खरे आहे आणि चांगल्या काचेवर ती उपयोगी पडते, म्हणून मी ती घेतली. तिने घणघणाट काहीसा कमी झाला. पण पट्टीची कड आता बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आडवी आली. रस्ता अर्धा तिच्यावरून आणि अर्धा तिच्यातून दिसू लागला. रात्री समोरून ट्रक आला की त्या कडेवर दिव्यांची एक जाड पांढरी रेघ फुटायची आणि खड्डा कुठे आहे हे कळायचे नाही. दोन आठवड्यांनी तवंदी घाट उतरताना ‘टक्’ असा आवाज आला. पाहिले तर डाव्या बोल्टच्या भोकापासून पट्टीच्या चिमट्यापर्यंत तिरकी चीर गेली होती. न फुटणाऱ्या काचेला.

उद्यमबागेत माझ्या ओळखीचे एक कन्नडभाषिक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बोल्ट सोडवले, चीर पाहिली आणि काचेच्या खालच्या, दिव्याच्या कव्हरमागे झाकल्या जाणाऱ्या भागावर फिल्मचा एक तुकडा अजून चिकटलेला होता तो दाखवला. चंदेरी स्टिकर त्याच तुकड्यावर होता. मिस्त्रींनी तो नखाने हळूच उचलला, तर खाली फिल्मवर कारखान्यातूनच छापून आलेली निळी अक्षरे होती: ‘कास्ट ॲक्रिलिक’.

“सर, ह्यो पॉलीकार्बोनेट न्हवे,” एवढेच ते म्हणाले आणि खात्रीसाठी त्यांनी काचेच्या कोपऱ्याला ड्रिल लावले. ॲक्रिलिकची भुकटी आणि कपच्या उडतात. पॉलीकार्बोनेटचा लांब, वळलेला धागा निघतो. दोन्ही त्यांनी मला शेजारी शेजारी ठेवून दाखवले, दुसऱ्याचा नमुना त्यांच्याकडच्या मशीनच्या गार्डचा होता. मग दोन्हींतले थोडेथोडे चिमट्यात धरून काडी लावली. ॲक्रिलिक गोडसर वास देत शांतपणे जळत राहिले. पॉलीकार्बोनेटने काळा धूर सोडला आणि काडी दूर नेताच ते विझले. बोल्टवर दुकानदाराने ढिला होऊ नये म्हणून निळे थ्रेडलॉकर लावले होते. ते अशा प्लास्टिकला लागले की भोकाभोवती बारीक चिरा पडतात, हेही मला तिथेच कळले. अशा काचेला रबरी नट आणि बेताचा पीळ पुरतो.

ॲक्रिलिक वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ते स्वच्छ दिसते, त्याच्यावर ओरखडे तुलनेने कमी पडतात, आणि त्याच्या नावाने, त्याच्या किमतीला विकले असते तर मी कदाचित तेच घेतले असते. दगड लागल्यावर त्याचे धारदार तुकडे होऊ शकतात आणि पॉलीकार्बोनेटचे सहसा होत नाहीत, हा फरक छातीसमोर बसवायच्या वस्तूत लहान नाही.

मी पुन्हा दुकानात गेलो. त्यानंतरचे संभाषण मी आजवर अनेकदा मनात घोळवले आहे, कारण त्यात त्या गृहस्थाने एकही शब्द खोटा उच्चारला नाही. पॉलीकार्बोनेट ठरले होते, असे मी म्हणालो तर त्याने चिठ्ठी मागून घेतली आणि बोट ठेवले: “पॉली लिहिलंय. ॲक्रिलिक पण पॉलीच की ओ.” रसायनशास्त्रात ॲक्रिलिकला पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट म्हणतात; तेव्हा हेही बरोबर. उंचीबद्दल बोललो तर त्याने शिंप्याचा कापडी टेप आणला, काचेच्या तळापासून तिच्या बाकदार वळणावरून फिरवत वरच्या कडेपर्यंत नेला. पूर्ण अठरा. “अठरा आहे का नाही, तुम्हीच सांगा साहेब.”

अठरा होती. त्यांतले खालचे चार इंच बोल्टच्या खाली, दिव्याच्या कव्हरमागे लपणारे होते. उरलेले चौदा इंच मागे झुकलेल्या वळणावरून मोजलेले. ओळंबा सोडून मिस्त्रींनी मोजले तेव्हा बोल्टपासून वर उभी उंची भरली जेमतेम दहा इंच. आकडे खरे आणि हिशेब खोटा, असे मी दुसऱ्यांच्या दप्तरात इतक्यांदा पाहिले आहे की स्वतःच्या गाडीवर ते ओळखू आले नाही याचा राग अजून जात नाही. आणि तो तक्ताच मुळात पोकळ होता. माणसाची एकूण उंची इथे कामाचीच नाही. बसल्यावर आसनापासून डोळ्यापर्यंत किती अंतर आहे ते महत्त्वाचे. माझे पाय लांब आणि धड आखूड आहे. माझा पाच फूट सहा इंचांचा धाकटा भाऊ त्याच गाडीवर बसला तर त्याचे डोळे माझ्यापेक्षा इंचभर वर येतात.

मिस्त्रींनी नवी काच करण्याआधी जे केले ते एखाद्या दुकानाने फुकट करायला हरकत नसावी. जुन्या काचेला त्यांनी सनबोर्डचा, म्हणजे जाड फोमच्या पुठ्ठ्याचा, तुकडा चिकटवला. मला हेल्मेट, जॅकेट, बूट घालून बसवले, मागे सौ.ना आणि पेट्यांत नेहमीचे सामान ठेवायला लावले, कारण वजनाने मागचा शॉक दबतो आणि सगळी रेषा बदलते. दोन मुलांनी गाडी सरळ उभी धरली. पंधरा मीटर पुढे, रस्त्यावर खडूची रेघ मारली आणि माझ्या डोळ्यापासून तिच्यापर्यंतची सरळ रेषा बोर्डाला जिथे छेदत होती तिथे पेन्सिलीची खूण केली. काचेची कड या खुणेच्या दोन इंच खाली. म्हणजे नजर कडेवरून जाते, काचेतून नव्हे. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या पावसात काचेवर वायपर नसतो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला यामागचे कारण पटेल. दोन इंच खाली ठेवले तरी वाऱ्याची वाट डोक्यावरूनच जाते, कारण कड थोडी पुढे वळवलेली असते.

वाऱ्याची परीक्षा त्यांनी रस्त्यावर घ्यायला लावली. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ७० चा वेग स्थिर ठेवायचा आणि हळूच इंच-दोन इंच खाली वाकायचे. आवाज गेला तर जितके वाकलात तितकी उंची कमी आहे. उलट, किंचित उठल्यावर आवाज गेला तर काच जास्त उंच आहे, ती कापा. माझ्या बाबतीत वाकल्यावर आवाज गेला, दोन इंचांत. दुकानदाराने हे करायला सांगितले असते तर पट्टीचे पैसेही वाचले असते. शेवटी मिस्त्रींनी काचेच्या तळाशी बोटभर फट ठेवली. तिच्यातून थोडा वारा मागे येतो आणि काचेमागची ओढ कमी होते. नव्या काचेची उंची त्यांनी चिठ्ठीवर अशी लिहिली: ‘बोल्टच्या मध्यापासून, उभी, साडेबारा इंच’. चिठ्ठी कन्नडमध्ये होती. मला ती सावकाश वाचावी लागली आणि तिच्यात वाद घालण्याजोगे काहीही नव्हते.

पैशांसाठी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली आणि दुकानदाराला रजिस्टर पत्र पाठवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत न घेणे ही देखील. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पत्र पोहोचल्यावर चौथ्या दिवशी पट्टीचे १,६०० रुपये माझ्या खात्यात आले. पाठवणाऱ्याचे नाव तेच, घरच्यांचे. आणि टिपेच्या जागी लिहिले होते: ‘हातउसने परत’.

विक्री झाल्याचीच खूण पुसायचा तो प्रयत्न होता, आणि ही नोंद मात्र मी एका नजरेत ओळखली. त्याच रात्री दुसरे पत्र लिहिले की हे १,६०० रुपये अमुक तारखेला विकलेल्या पट्टीचे आहेत, आपल्यात कसलेही उसने नव्हते, आणि काचेचे ४,८०० रुपये येणे बाकी आहेत. त्याचे उत्तर आलेले नाही. तक्रार जिल्हा आयोगात दाखल केली आहे. चिरलेली काच, स्टिकरसह फिल्मचा तुकडा, ‘अंदाज’ची चिठ्ठी आणि मोबाइलवरच्या दोन्ही व्यवहारांची छापील नक्कल एका जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवली आहे.