ए४ पेपरचे बॉक्स मागवताय? बिलावर काय लिहून देतात ते आधी बघा

पुण्यात ज्यांचं छोटं ऑफिस, क्लास, अभ्यासिका किंवा झेरॉक्सचं दुकान आहे आणि जे पेपर बॉक्सने घेतात त्यांच्यासाठी लिहितोय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि खरं सांगायचं तर हा एकाच दुकानाचा उद्योग असेल असं मला वाटत नाही.

आमचा सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, मी तिथलं ऑफिस बघतो. टेस्ट सिरीज सुरू झाली की पेपर पाण्यासारखा जातो. आधी आम्ही अप्पा बळवंत चौकातनं (एबीसी) घ्यायचो, पण तिथे गाडी लावायची बोंब आणि बॉक्स उचलून आणायला माणूस नाही, म्हणून सर म्हणाले ते मोठं दुकान झालंय ना स्टेशनरीचं, ट्रॉली घेऊन फिरायचं, फाइलींपासून खुर्च्यांपर्यंत सगळं मिळतं, फ्री डिलिव्हरी आहे, तिथनं घे.

दारातच मोठ्ठा बोर्ड, 'कॉपियर पेपर, एमआरपीवर ४० टक्के सूट'. आता हे ज्याला माहितीये त्याला माहितीये, पेपरच्या रीमवर, म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यावर, छापलेली एमआरपी बाजारात सहसा कोणी देतच नाही, एबीसीत कुठल्याही दुकानात उभे राहा, न मागता त्याच्या बरंच खाली रेट सांगतात. त्यामुळे ती ४० टक्के सूट म्हणजे साधा बाजारभाव. पण ते सोडा, रेट ठीक होता, रीमला २६० सगळं धरून. सेल्समनने काउंटरवर एक रीम ठेवली, नामांकित कंपनीची, ७५ जीएसएम (कागद किती वजनदार ते, हिशोब पुढे सांगतो), ५०० शीट. मी हातात घेऊन बघितली, दोन कागद काढून उजेडात धरले, मस्त होता. म्हटलं हाच द्या, आठ बॉक्स, एका बॉक्समध्ये १० रीम. "हाच येणार साहेब, काळजीच करू नका." पैसे ऑनलाइन भरले, पक्कं बिल घेतलं, जीएसटी नंबर वगैरे सगळं बरोबर.

माल आला संध्याकाळी, बॅच सुटायच्या वेळेला, जिन्यात पोरांची गर्दी. टेम्पोवाल्याला घाई, ऑफिसमधल्या मुलाने वरचा एक बॉक्स उघडून बघितला, कंपनीची रीम दिसली, चलनावर सही करून दिली. चलनावर छापलेलं असतंच, 'माल तपासून मिळाला'.

पहिले एक-दोन दिवस काहीच कळलं नाही. मग प्रिंटर अडकायला लागला. आम्ही पाठपोट प्रिंट काढतो, तर दर थोड्या वेळाने जॅम, दोन-दोन कागद एकदम आत जायचे. टेक्निशियनला बोलावलं, त्याने रोलर पुसले, पैसे घेतले, गेला. मग मुलंच म्हणायला लागली, सर मागच्या पानावरचा प्रश्न पुढे दिसतोय, आणि सरावाच्या उत्तरपत्रिकेवर गोल काळे केले की शाई मागे उमटतेय. तेव्हा मी स्टोअरमध्ये जाऊन बॉक्स नीट रिकामा केला. वरच्या दोन रीम कंपनीच्या. खालच्या आठ वेगळ्याच! रॅपर त्याच निळ्या रंगाचं, अक्षरांची ठेवण तीच, नाव भलतंच. ७५ जीएसएम आणि ५०० शीट मात्र ठळक छापलेलं. सगळ्या बॉक्समध्ये हाच प्रकार.

इथे एक साधा हिशोब सांगतो, सगळ्यांनी लक्षात ठेवा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ए४ कागद हा एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. म्हणजे ७५ जीएसएमचे १६ कागद ७५ ग्रॅम, आणि ५०० कागदांची रीम साधारण २ किलो ३४० ग्रॅम भरली पाहिजे. ७० जीएसएमची २ किलो १९० च्या आसपास. मी खालच्या किराणावाल्या काकांच्या काट्यावर ठेवली तर रॅपरसकट २ किलो १००! म्हणजे ७० जीएसएमपेक्षाही कमी? डोकं चालेना, मग बसून कागद मोजले. ४७७ निघाले. म्हणजे कागद ७० चा आणि वर २३ कागद गायब, दोन्हीकडून मारलंय. वजनाने बघाल तर रीममागे ११ टक्के कागद कमी. नुसते कागद कमी असते तर मोजल्यावर लगेच सापडलं असतं आणि नुसता पातळ असता तर कोणी बोललंही नसतं, दोन्ही थोडंथोडं केलं की कळत नाही, बनवणारा हुशारच म्हणायचा.

दुकानात गेलो. मॅनेजर आधी म्हणाला पावसाळ्यात कागदाचं वजन बदलतं. अहो बदलतं, पण कागद दमटपणा ओढून घेतो, वजन वाढतं, कमी कसं होईल? मग म्हणे थोडाफार फरक सगळ्याच कंपन्यांत असतो. असतो ना, पण मोजलेले कागद कसे कमी होतात? मग त्याने शांतपणे बिल मागितलं आणि बोट ठेवून म्हणाला, "यात कंपनीचं नाव कुठंय?"

खरंच नव्हतं. बिलावर 'कॉपियर पेपर ए४, ८ बॉक्स' एवढंच. ना कंपनी, ना जीएसएम, ना शीट. एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर, ४८०२ लिहिलेला, पण तो बहुतेक सगळ्या साध्या छपाईच्या आणि लिहायच्या कागदाला लागतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. सगळी फसवणूक त्या एका ओळीत बसवलेली होती, बाकी बिल एकदम कायदेशीर. नंतर त्यांचीच जुनी बिलं काढून बघितली तर प्रिंटरच्या टोनरच्या पुढेही नुसतं '८८ए टोनर' लिहिलेलं, आता ८८ए हा मॉडेल नंबर आहे, डुप्लिकेट आणि कंपॅटिबललाही (दुसऱ्या कंपनीने त्याच प्रिंटरसाठी बनवलेल्या) तोच लावतात, 'ओरिजिनल' हा शब्द कुठेच नाही. त्या टोनरचं काय झालं असेल ते आता कळायला मार्ग नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तेव्हा एक गोष्ट कळली जी बऱ्याच जणांना माहीत नसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्यासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्यापुरता व्यवसाय असेल तर बसतो. म्हणजे झेरॉक्सवाला स्वतः मशीनवर उभा राहत असेल तर त्याला जाता येतं, आमच्या क्लासचं अवघड. घरी वापरायला घेणाऱ्यांनी मात्र बिलाखालच्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'ला घाबरू नका, सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हे त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत धरलंय.

आम्ही वैधमापन विभागाकडे गेलो, म्हणजे आपले वजनमापेवाले. पाकिटावर छापलंय त्यापेक्षा माल कमी भरला तर तो त्यांचा विषय. न उघडलेल्या रीम जशाच्या तशा ठेवा, फोडून मोजत बसू नका, हे त्यांनी सांगितलं, आणि हे महत्त्वाचं आहे, फोडलेल्या रीममध्ये किती कागद होते हे कोण मानणार.

आता घेताना मी बिलावर कंपनी, जीएसएम, शीट तिन्ही लिहून घेतो, नाही म्हणाले तर निघतो. रॅपरवर आयएसआयचा मार्क आणि आयएस १४४९० (कॉपियर पेपरच्या मानकाचा नंबर) बघतो, त्याच्यासोबतचा सीएम/एल नंबर, म्हणजे लायसन्स नंबर, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाचं लायसन्स आहे ते दिसतं. टेम्पो आला की कुठल्याही एका बॉक्सची तळातली रीम काढून काट्यावर ठेवायची, मगच सही. टेम्पोवाले दादा कुरकुरतात, कुरकुरू देत.

तक्रारीचा कागद बघितल्यावर दुकानाने न उघडलेल्या रीम बदलून द्यायची तयारी दाखवली. वापरलेल्या रीमच्या पैशांसाठी क्रेडिट नोट घ्या म्हणतात, म्हणजे परत त्यांच्याकडूनच माल उचला. सर म्हणाले पैसे खात्यातच हवेत, आणि बदलीचा माल आला तर तोही आधी काट्यावर. मॅनेजर म्हणाला मालकांना विचारून सांगतो, मालक अजून फोनवर यायचेत.