पुण्यातल्या शेल्टरमधून बुजरं पिल्लू दत्तक घेणं : सेवा कुठे चांगली, कुठे तोकडी

मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी, बावधनचा रेस्क्यू ट्रस्ट आणि स्वतःच्या घरात पिल्लं सांभाळणारे अनेक स्वयंसेवक यांच्यामुळे पुण्यात मांजराचं पिल्लू दत्तक मिळणं अवघड नाही. इथे एखाद्या संस्थेला गुण द्यायचे नाहीत. कोपऱ्यात अंग चोरून बसणारं, हात पुढे केला की फिसकारणारं पिल्लू घरी नेणाऱ्या माणसाला या सेवेतून काय मिळतं आणि काय स्वतः उभं करावं लागतं, एवढंच पाहायचं आहे.

आधी चांगली बाजू. रस्त्यावरून थेट उचललेल्या पिल्लापेक्षा शेल्टरचं पिल्लू वैद्यकीयदृष्ट्या बरंच पुढे असतं. जंताचं औषध झालेलं असतं, पिसवा काढलेल्या असतात आणि वय आठ-नऊ आठवड्यांच्या पुढे असेल तर बहुधा ट्रायकॅट लसीचा पहिला डोसही झालेला असतो. ही लस पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंपासून वाचवते. त्यातला पॅनल्यूकोपेनिया लहान पिल्लांना एक-दोन दिवसांत नेऊ शकतो, म्हणून लसीकरण कार्ड हातात पडल्याशिवाय निघू नका. कार्डावर लसीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. ‘लस झाली आहे, कार्ड नंतर पाठवतो’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण पुढचा डोस तीन-चार आठवड्यांनी द्यायचा असतो आणि तो पहिल्या तारखेवरून ठरतो. शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या सुमारास येतो, रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर.

सेवा तोकडी पडते ती स्वभावाच्या माहितीत. पिंजऱ्यावर ‘लाजाळू’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. माणसाची सवयच न लागलेलं पिल्लू, माणसाची सवय असून शेजारच्या कुत्र्यांच्या भुंकण्याने गारठलेलं पिल्लू आणि आजारी पिल्लू. माणसाशी ओळख पक्की होण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. त्यानंतर पिल्लू शिकत नाही असं नाही, पण वेळ जास्त लागतो. म्हणून पिल्लू कोणत्या वयात सापडलं, आई सोबत होती का आणि तोवर त्याला कोणी हाताळलं होतं का, हे आवर्जून विचारा.

त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे रात्री ठेवलेली वाटी सकाळी रिकामी असते का. बुजरं पिल्लू माणसं गेल्यावर, अंधारात का होईना, खातं. एकटं असतानाही खात नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरट पडदा दिसतो, नाक-डोळे चिकट आहेत किंवा शी पातळ आहे, तर ते बुजरं नसून आजारी आहे आणि आधी उपचार व्हायला हवेत. पिल्लाला पिंजऱ्याबाहेर, कुत्र्यांच्या आवाजापासून दूर एखाद्या खोलीत पंधरा मिनिटं पाहू देता का, हेही विचारा. जी संस्था याला हो म्हणते आणि पुन्हा येऊन भेटायलाही सुचवते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जिथे पहिल्याच भेटीत पिल्लू मानगुटीला धरून तुमच्या हातात देतात, तिथे घाई पिल्लाच्या मुळावर येते.

निघताना दोन गोष्टी मागून घ्या : पिल्लू ज्या कापडावर झोपतं ते न धुता आणि त्याच्या ट्रेमधली मूठभर वापरलेली वाळू पिशवीत बांधून. नव्या घरातला ओळखीचा वास एवढाच असतो. पहिल्या दिवशी शी-शू जागेवर होणं बरंचसं त्या मूठभर वाळूवर अवलंबून असतं.

कॅरियर निवडताना वरूनही उघडणारा, कडक प्लास्टिकचा घ्या. समोरच्या दारातून घाबरलेलं पिल्लू ओढून काढावं लागतं, वरचं झाकण उघडलं की टॉवेलसकट उचलता येतं. चेनच्या कापडी बॅगा स्वस्त आणि हलक्या असतात, पण दोन चेनी एकमेकींना अडकवायची कडी नसेल तर पिल्लू नाकाने चेन सरकवतं. पारदर्शक घुमट असलेल्या पाठीवरच्या बॅगा अशा पिल्लासाठी घेऊच नका. लपायला कोपरा नसतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात आत फार तापतं. रिक्षाने येणार असाल तर कॅरियरवर पंचा टाकून ती मांडीवर घट्ट धरा. स्पीडब्रेकरचा धक्का तुमच्या अंगात जिरतो, बाजूच्या सीटवर ठेवलेली कॅरियर उडते.

वेळ निवडणंही तुमच्याच हातात आहे. गणपतीच्या आधी काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. त्या आवाजाच्या टप्प्यात घर असेल तर सरावापासून विसर्जनापर्यंत बुजरं पिल्लू आणू नका. दिवाळीचंही तसंच. काही संस्था तेवढा काळ पिल्लू राखून ठेवायला तयार होतात, फक्त तसं स्पष्ट सांगावं लागतं.

घरी एकच लहान खोली द्या, पूर्ण फ्लॅट नको. बाथरूमही नको, ते आपल्याकडे सतत ओलं असतं आणि फिनेलने पुसलेलं असतं. फिनेलमधली फिनॉलवर्गी द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजे चाटताना ती सरळ पोटात जातात. लादी पाण्यात थोडा साधा साबण घालून पुसा. डांबरगोळ्या कपाटातून काढा. कुत्र्यासाठीचं पिसवांचं औषध कधीही लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजरं दगावतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते.

खोलीतला दिवाण किंवा बॉक्स बेड ही सगळ्यात मोठी अडचण. पिल्लू त्याच्याखाली शिरलं की दोन दिवस बाहेर येत नाही आणि ओढून काढलंत की तोवरची सगळी कमाई जाते. आणण्याआधीच त्या फटी सूटकेस, उशा, जुनी गोधडी जे असेल त्याने बुजवा. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीमागची जागा आणि वॉशिंग मशीनचा तळही त्याच जातीचे. लपायची जागा तुम्ही द्यायची : आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, पुढे साधारण पंधरा सेंटिमीटरचं भोक, आत ते न धुतलेलं कापड. खोक्यात असताना पिल्लाला कोणीही हात लावायचा नाही, पाहुण्यांनीही नाही आणि घरातल्या मुलांनीही नाही. खिडकीच्या ग्रिलमधून आठ आठवड्यांचं पिल्लू सहज निसटतं आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी दातांनी तुटते. त्या एका खिडकीला तरी स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या.

लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमध्ये घालायच्या वाळूत, पर्याय तीन. बेंटोनाइट या चिकणमातीचा गोळा होतो, वास धरतो, सगळीकडे मिळतो, पण लहान पिल्लं दाणे चघळतात आणि ते पोटात फुगू शकतात, म्हणून चार महिन्यांपर्यंत टाळावा. पाइनच्या लाकडी गोळ्या सुरक्षित आणि स्वस्त, फक्त काही पिल्लांना पायाखाली टोचतात. सोयाबीनच्या चोथ्याचा टोफू लिटर मऊ आणि हलका असतो, मात्र पावसाळ्यात उघडं पोतं दमट होऊन बुरशी धरतं, म्हणून ते हवाबंद डब्यात ठेवा. आमची पसंती पाइनला, वर शेल्टरची मूठभर वाळू पसरून. ट्रेची कड सात-आठ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि ट्रे जेवणाच्या वाटीपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

खाण्यात पहिला आठवडा शेल्टर देत होतं तेच, त्याच ब्रँडचं. नंतर सात दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. दूध-पोळी आणि दूधभात यांवर मांजर जगवण्याची आपल्याकडची जुनी रीत पिल्लाला पुरत नाही. दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य नसेल तर पुढे दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतं. शाकाहारी घरांनी हा निर्णय दत्तक घेण्याआधी करावा. किटनसाठी बनवलेलं पाकीट घ्या, मोठ्या मांजराचं नको. दिवसातून चार वेळा द्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर दोन-तीन दिवसांनी वजन करा, आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढ हवी. काटा रोजच्या जेवणाच्या जागी ठेवला की पकडावं लागत नाही. पिल्लाने चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर स्वभावाला दोष न देता डॉक्टरांकडे जा.

आता मुख्य काम. पहिले दोन दिवस फक्त वाट्या आणि ट्रेसाठी आत जा आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटं जमिनीवर बसा, पिल्लाकडे पाठ किंवा कूस करून. मोठ्याने वर्तमानपत्र वाचलंत तरी चालेल, आवाज सपाट आणि हलका ठेवा. रोखून पाहू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि उघडा, मांजरं ही खूण ओळखतात. तिसऱ्या दिवसापासून वाटी कायमची भरलेली ठेवू नका. अर्ध्या तासाने उचला, म्हणजे जेवण आणि तुम्ही एकाच वेळी येता. मी-ओ किंवा चुरूसारखी मांजरांच्या क्रीमसारख्या खाऊची पाकिटं या टप्प्यावर पैसे वसूल करून देतात. लांब दांड्याच्या चमच्यावर थोडंसं क्रीम घ्या आणि हात लांब करून थांबा. चमचा रोज थोडा जवळ आणा, मग चमच्याऐवजी बोट. स्पर्श पहिल्यांदा गालाला आणि हनुवटीला, दोन सेकंद, आणि पिल्लू मागे सरायच्या आधी तुम्ही मागे सरा. डोक्यावरून येणारा हात त्याला झडप वाटतो. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं की पहिल्या घुरघुरीनंतर लगेच उचलून मांडीवर घेतात. घुरघुर घाबरल्यावरही होते. शेपूट उभी करून स्वतः पायाला घासायला आलं, मग उचलायचा विचार.

आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाला यात एक-दोन आठवडे जातात, तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला एक महिना ते कित्येक महिने. स्वयंसेवक बऱ्याचदा जोडी न्या म्हणतात आणि एक पिल्लू धीट असेल तर तो सल्ला उत्तम, कारण बुजरं त्याच्या मागोमाग येतं. दोन्ही बुजरी असतील तर ती एकमेकांत रमतात आणि माणूस बाजूला राहतो. मग रोजचं क्रीम प्रत्येकाला वेगवेगळं, दुसऱ्याच्या नजरेआड द्यावं लागतं.

पहिल्या आठवड्यात शिंका आणि डोळ्यांतून पाणी येणं नेहमीचं आहे, ताणामुळे दबलेला हर्पीस वर येतो. अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर ती बुरशी माणसालाही लागते, डॉक्टरांना दाखवा. घरात आधीचं मांजर असेल तर चौदा दिवस दोघांची खोली, वाट्या, ट्रे वेगळे. घरात पूर्वी पॅनल्यूकोपेनियाने मांजर गेलं असेल तर जागा ब्लीचने धुवावी, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी. हा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. धुतल्यावरही दोन डोस झालेलं पिल्लूच आणा.

पुणे महापालिकेने २०२२ च्या अखेरीस पाळीव मांजरांची नोंदणीही लागू केली. त्यासाठी रेबीज लसीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ते कार्ड इथेही उपयोगी पडतं.

दत्तकाच्या करारात बहुधा नसबंदीची अट असते, ती पाच महिन्यांच्या आसपास पूर्ण करा. मादी पिल्लू त्याच सुमारास माजावर येऊ शकतं. करारावर सही करण्याआधी आणखी एक ओळ शोधा : नाही जमलं तर पिल्लू परत घेऊ, किती महिन्यांपर्यंत आणि कोणाशी संपर्क साधायचा. ती ओळ नसेल तर लिहून मागा. जी संस्था ती आनंदाने लिहून देते आणि महिनाभर फोनवर प्रश्नांना उत्तरं द्यायला तयार असते, तिथूनच बुजरं पिल्लू घ्या, घरापासून लांब पडली तरी.