सात महिने, एक पुस्तक आणि टुटीफ्रुटी

जूनमध्ये लेकीला सहावीसाठी मराठी माध्यमातून काढून इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हाच थान्हा लाय यांची ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ घेतली. आता जानेवारी सरत आलाय. पुस्तकाचे कोपरे मऊ पडलेत आणि एका पानावर आमटीचा डाग आहे.

छोट्या छोट्या कवितांमधून सांगितलेली ही कादंबरी. व्हिएतनाममधल्या सायगावातली दहा वर्षांची मुलगी, आई, तीन भाऊ. नौदलातले वडील बेपत्ता. एप्रिल १९७५मध्ये व्हिएतनाम युद्धात सायगाव उत्तर व्हिएतनामच्या हाती पडतं आणि कुटुंब जहाजाने निघून ग्वाम, फ्लोरिडा करत अमेरिकेतल्या अलाबामात पोचतं. लेखिकेचं बालपण साधारण याच वाटेने गेलंय. नायिकेचं नाव ‘हा’. मोठ्याने वाचताना ‘हा म्हणाली’ आलं की आमची हसून पुरेवाट!

पहिल्या वाचनात लेकीने ‘बोअर आहे’ म्हणून बाजूला ठेवलं. गणपतीनंतर वर्गात तिला इंग्रजी धडा वाचता येईना, तर बाईंनी सगळ्यांदेखत पहिलीचं पुस्तक हातात दिलं. त्या रात्री तिनेच या कादंबरीतलं एक पान काढलं. हा वीसपर्यंत आकडे म्हणते, वर्ग टाळ्या वाजवतो आणि ती आतून पेटते, कारण तिला अपूर्णांक येत असतात. ते पान मला तीनदा वाचायला लावलं. माझी महिनाभराची भाषणं फुकट गेली होती.

पुस्तकात शेजारीण वाळवलेली पपई देते, हा ती फेकते, आई पाण्यात भिजवून पुन्हा समोर ठेवते. टुटीफ्रुटी कच्च्या पपईचीच, म्हणून आम्हीही भिजवली. नुसता रंगीत चिकट लगदा.

खटकलं ते असं: युद्ध कशावरून, हे पुस्तक सांगत बसत नाही, ते मलाच शोधून सांगावं लागलं. हाच्या घरच्यांच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीचा, प्रसंगही घाईत उरकलाय. ‘मग त्यांचा देव बदलला का?’ या लेकीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘आपल्याकडे असं कोणी आलं होतं?’ या प्रश्नाला मात्र होतं. आम्ही कोल्हापूरचे. शहराजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. महावीर गार्डनमधला त्यांच्या आठवणीचा स्तंभ तिला दाखवला. तिथे भेळ खात मी कितीदा बसलोय, वाचला कधीच नव्हता.

दहाच्या आतल्या मुलांना एकट्याने देऊ नका. जहाजावर मेलेलं कोंबडीचं पिल्लू बाहुलीसोबत समुद्रात सोडतात, त्या पानावर माझा आठ वर्षांचा भाचा उठून गेला तो परत आलाच नाही.