सिंकखालचा ग्रीस ट्रॅप: आठ महिने आणि एक अख्खा पावसाळा

मिसळ आणि थाळी चालणाऱ्या पुण्यातल्या हॉटेलात, भांडी घासायच्या सिंकखाली बसवलेल्या स्टीलच्या ग्रीस ट्रॅपचा, म्हणजे सांडपाण्यातलं तेल वर तरंगू देऊन अडवणाऱ्या पेटीचा, हा अनुभव. ट्रॅप घेण्यासारखा आहेच. फक्त तो बसवला म्हणजे नाल्यात जाणारं तेल थांबलं, असं समजू नका.

खुर्च्या मोजून माप ठरवू नका, सिंक मोजा. १८ बाय १८ इंचाचं, १० इंच खोल सिंक पाऊण भरलं की ४० लिटर पाणी होतं. अशी दोन सिंकं एका मिनिटात रिकामी व्हायची असतील, तर मिनिटाला ८० लिटर झेपणारा ट्रॅप लागतो. पाणी आत येतं त्या पाइपात छोट्या भोकाची चकती असते. सिंक हळू उतरतं म्हणून प्लंबर ती काढायला बघतो. काढू देऊ नका. पाणी जोरात शिरलं की तेलाला वर यायला वेळच मिळत नाही, ते सरळ पुढे जातं.

सफाई सकाळी, चूल पेटायच्या आधी. रात्रभर पाणी निवतं, वर पिवळट साय धरते. थंडीत पामतेल तर वडीसारखं घट्ट होतं. झाऱ्याने ते उचलायचं, आतल्या पडद्या (पाणी अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या) खरवडायच्या, तळाचा भात-डाळीचा गाळ काढायचा. काठी बुडवून पाहा: साय आणि गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्श्यावर गेले की ट्रॅप निकामी. मिसळीच्या तर्रीमुळे इथे आठवड्यातून दोनदा काढावं लागतं; विक्रेते सांगतात तसं महिन्यातून एकदा मुळीच पुरत नाही. झाकण लावण्याआधी ट्रॅप गार पाण्याने भरायलाच हवा, नाहीतर वास सुटतो आणि पहिलं पाणी तेलासकट निघून जातं.

कॉस्टिक सोडा किंवा उकळतं पाणी ओतून ‘साफ’ करणं सगळ्यात वाईट. तेल पातळ होऊन पुढे सरकतं आणि दहा-बारा फुटांवर, चेंबरात, पुन्हा थिजतं. काढलेली साय भुशात कालवून कचऱ्यात टाका; तळणाच्या बाद तेलाच्या डब्यात नको, तिच्यात पाणी असतं. तो डबा वेगळा, झाकणाचा, आणि अधिकृत तेल नेणाऱ्यालाच द्यायचा.

आता मागच्या दाराचं. सिंकचं पाणी ड्रेनेजला जातं, तिथून मैलाशुद्धीकरण केंद्रात. मागच्या बोळातली जाळी पावसाळी गटाराची असते. ते पाणी शुद्ध न होता ओढ्यात, तिथून मुठा नदीत उतरतं. नेमके तिथेच रबरी मॅट, कचऱ्याचे डबे आणि चिमणीच्या जाळ्या धुतल्या जातात. हे सगळं आत, ट्रॅपला जोडलेल्या मोरीतच धुवायला हवं. फरशी पुसलेली बादलीही तिथेच. बोळात तेल सांडलं तर पाइप लावू नका. भुसा टाका, दहा मिनिटं मुरू द्या, झाडून भरा, मग फडक्याने पुसा.

गच्चीवरच्या एक्झॉस्टकडे कुणी बघत नाही. पंख्याच्या तोंडातून टपकणारं तेल पहिल्या पावसात गच्चीच्या पाइपातून खाली येतं. खाली ट्रे ठेवा आणि त्यावर पत्र्याचं छोटं छप्पर करा. उघडा ट्रे पावसाने भरला, की काठावरून आधी तेलच सांडतं.