अ‍ॅव्हरेज की मीडिऑकर? शेरा लिहिण्याआधी

काम वाईट नाही, पण डोळ्यांत भरण्यासारखंही नाही. अशा कामावर इंग्रजीत शेरा लिहायला बसलं की शब्दकोशात अ‍ॅव्हरेज आणि मीडिऑकर या दोन्हींपुढे 'मध्यम' असाच अर्थ सापडतो. त्यावर विसंबू नका.

अ‍ॅव्हरेज हा मुळात हिशेबाचा शब्द. समुद्रात मालाचं नुकसान झालं की ते सगळ्या मालकांत वाटून घेत, त्यातून तो रुळला. सागरी विम्यात त्या अर्थाने आजही चालतो. त्यामुळे आकड्यासोबत तो कुणाला लागत नाही: 'दिवसाला 20 अर्ज, म्हणजे विभागाच्या अ‍ॅव्हरेजइतके.' नुसता 'काम अ‍ॅव्हरेज' लिहिला तर मात्र टोचतो.

मीडिऑकर लॅटिनमधला, मूळ अर्थ 'डोंगराच्या मध्यापर्यंत'. आज त्यात नापसंती पुरती मुरली आहे. आपल्या 'सुमार'चंही हेच झालं: 'सुमारे' म्हणजे अंदाज, पण 'सुमार काम' म्हणजे ठपका. मीडिऑकर लिहिण्याआधी त्याच्या जागी 'सुमार' ठेवून बघा आणि तो तोंडावर म्हणवेल का ते ठरवा.

मी एका नव्या मुलीच्या शेऱ्यात तो 'सर्वसाधारण' समजून लिहिला होता. ती कागद घेऊन आली, त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. "माझं नेमकं काय चुकलं?" चुकलं काहीच नव्हतं. शेरा मी लगेच बदलला, पण तिने तो वाचला होता.

तिच्यासाठी योग्य शब्द होता डीसेंट. 'बऱ्यापैकी', आणि कल कौतुकाकडे. फेअर श्रेणीत गुडच्या खाली बसतो, सबपार तर अपेक्षेच्याही खाली. अ‍ॅडिक्वेट म्हणजे गरजेपुरतं. यंत्राबद्दल ठीक, माणसाबद्दल कोरडा.

सॅटिस्फॅक्टरीचं भाषांतर आपण 'समाधानकारक' करतो, पण श्रेणी म्हणून तो तितका समाधानी नाही. इंग्लंडमध्ये शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडने 2012 मध्ये ही श्रेणीच काढली आणि त्याजागी 'सुधारणा आवश्यक' अशी श्रेणी आणली.

सगळ्यांत फसवा क्वाइट गुड. अमेरिकन माणूस तो 'खूप छान' असा वाचतो, ब्रिटिश माणूस बहुधा 'बरं आहे' असा. वाचणारा कुठला हे माहीत नसेल तर क्वाइट गाळा, नुसतं गुड लिहा.