फील्ड्स ऑफ मिस्ट्रिया: भूकंपानंतरचं गाव आणि आमची आजी

‘फील्ड्स ऑफ मिस्ट्रिया’ हा शेतीचा कॉम्प्युटर गेम सुरू केला की पहिल्याच दिवशी अॅडलिन नावाची मुलगी भेटते आणि सांगते, गावात नुकताच भूकंप होऊन गेलाय. पूल मोडलाय, पडझड झालीय. तुम्हाला राहायला घर आणि कसायला रान देतो, बदल्यात गाव उभं करायला हातभार लावा.

मी पाटण तालुक्यातली, कोयनेच्या खोऱ्यातली. आमच्याकडे भूकंप म्हटलं की एकच तारीख, 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, सगळं अजून ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपाच्या मागनं’ असंच मोजतात. अजूनही मधूनच फळीवरची भांडी वाजतात आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. त्यामुळे ही सुरुवात वाचून मी माऊस सोडून थोडा वेळ नुसती बसले.

एरवी मी गेम घेतला होता तो चित्रांसाठी. नव्वदच्या दशकात जपानी कार्टूनमध्ये ज्या जादूगार मुली असायच्या, मोठाले पाणीदार डोळे, गुलाबी आभाळ, चांदण्यांची चमक, तो सगळा थाट इथे बारीक ठिपक्यांच्या चित्रांत उतरवलाय. संवादाच्या चौकटीतली माणसं ऋतू बदलला की कपडे बदलतात. उन्हाळ्यात बिनबाह्यांची, थंडीत लोकरीत गुरफटलेली. एवढ्यासाठी कुणी कष्ट घेतलेत हे बघूनच मला बरं वाटतं. माझा लॅपटॉप कॉलेजच्या वेळचा आहे, त्यावरही गेम कुठे अडला नाही.

खेळायचं काय, तर शेती, गुरंढोरं, मासेमारी, खाणीत उतरून दगड-धातू काढणं, वाटेत आलेल्या प्राण्यांशी लढणं आणि गावातल्या माणसांशी ओळख वाढवणं. एक ऋतू 28 दिवसांचा. दिवसभर केलेल्या कामातून एसेन्स नावाची शक्ती साठते, ती ड्रॅगनच्या पुतळ्यापाशी देऊन नवी कौशल्यं घ्यायची. लढाई अगदी सोपी आहे. साताऱ्यात माझ्या खोलीवर सांगलीची मैत्रीण राहते, ती जन्मभर मारधाडीचे गेम खेळलेली. तिला खाण दोन दिवसांत कंटाळवाणी झाली. पण ती गेम सोडत नाही, कारण गावातला लोहार मार्च. कायम कपाळाला आठ्या, धड बोलत नाही, आणि ही रोज त्याला शोधून भेटवस्तू देते. माझी अकरावीतली चुलतबहीण फक्त कोंबड्या आणि ससे पाळते. निरनिराळ्या रंगांची पिल्लं मिळवायची आणि त्यांना टोप्या घालायच्या, एवढाच तिचा खेळ. तिघींनी तीन वेगळे गेम विकत घेतल्यासारखं झालंय.

जादूबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. जादूचे मंत्र मोजकेच आहेत आणि त्यांना लागणारी शक्ती जपून वापरावी लागते. एक मंत्र पिकं वाढवतो, एक ड्रॅगनसारखी आग ओकतो, एक पाऊस पाडतो. आमच्या कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आम्हाला तो मागावा लागत नाही, उलट कधी थांबतोय असं होतं. पण माझी मावशी माण तालुक्यात, दहिवडीकडे दिलेली. जिल्हा एकच, पण तिथे जूनमध्ये माणसं आभाळाकडे तोंड करून बसलेली मी लहानपणापासून बघितलीत. पहिल्यांदा तो मंत्र म्हटला आणि माझ्या टोमॅटोच्या वाफ्यावर सर धरली, तेव्हा मला मावशीचं अंगण आठवलं. गेम बनवणाऱ्यांच्या मनात दहिवडी असणं शक्य नाही, पण पाऊस ही जादूच आहे हे त्यांना कळलंय.

आणि जादू असूनही पूल जादूने होत नाही, हे मला या गेमचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, एकेक करून आणून द्यायचे. हातात पुरेसं सामान नसेल तर थांबायचं. मंत्र म्हणून गाव उभं राहिलं असतं, तर मी गेम त्याच दिवशी काढून टाकला असता.

दिवाळीत लॅपटॉप गावी नेला होता. आजी शेजारी येऊन बसली. भूकंपाच्या वेळी ती चौदा वर्षांची होती.

“काय करती गं ही पोरगी?”

“आजी, ही मीच हाय. भूकंपात पूल पडलाय, त्याला दगडं गोळा करतीय.”

आजी बराच वेळ बघत राहिली. मी दगड आणून दिले, झोपले, सकाळी पूल तयार.

“एका रातीत?” आजी म्हणाली. “आमी दोन पावसाळं पत्र्याखाली काढलं. पैलं म्हैनाभर तर भाईरच निजायचो, डिसेंबरच्या थंडीत. घरात जायाचं धाडसच व्हत नव्हतं कुणाला.”

ती जे बोलली तीच माझी या गेमबद्दलची तक्रार. मिस्ट्रियात भूकंप झालाय, पण मला तिथे घाबरलेलं कुणी भेटलं नाही. रात्री दचकून उठलेलं कुणी नाही, दार उघडं ठेवून झोपणारं कुणी नाही. शुक्रवारी रात्री सगळं गाव खानावळीत जमतं, हसतं-खिदळतं. शनिवारी बाजार भरतो, बाहेरगावचे विक्रेते येतात. हे दोन्ही मला मनापासून आवडतात, आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला आवडणारच. पण त्या खानावळीत एखाद्या म्हाताऱ्याने त्या रात्रीची गोष्ट सांगितली असती, तर गोडव्यात काही उणं झालं नसतं. मनाला निवांत करणारा गेम म्हणजे दुःखाचं नावच काढायचं नाही, हे मला पटत नाही. आजीच्या तोंडून भूकंपाच्या गोष्टी ऐकतच मी लहानपणी झोपायची, आणि झोप छान लागायची.

दुसरी अडचण भाषेची. संवाद भरपूर आहेत, चांगले आहेत, आणि मराठीत किंवा हिंदीत नाहीत. मी आजीला एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगत होते. लोहाराचं बोलणं ‘काम असंल तर बोल, न्हायतर वाट धर’ अशा थाटात सांगितल्यावर आजी म्हणाली, “चांगला हाय मानूस, कामाचा दिसतोय.” मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तर ती खूश.

घेण्याआधी एक माहिती असू द्या. तो बनवणाऱ्या एनपीसी स्टुडिओने हा गेम 5 ऑगस्ट 2024 रोजी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर आणला तो अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच. पुढचे भाग अपडेटमधून येत गेले. गोष्ट एका दमात संपवायची सवय असेल तर मध्येच अडकल्यासारखं होईल. रोज अर्धा-पाऊण तास, जेवणं झाल्यावर, असं खेळणाऱ्याला काही अडचण नाही. मोबाईलवर मिळत नाही, कॉम्प्युटर लागतो. मासेमारी मात्र कुणालाही जमेल. पाण्यात माशाची सावली दिसली की गळ टाकायचा आणि वेळेवर बटण दाबायचं.

गळ टाकायला शिकवणारी टेरिथिया ही गावातली वयस्कर बाई आहे. तिला बघून आजी पुढे सरकली. नदीच्या काठाला लहानपणी तीही भावांबरोबर मासे धरायला जायची, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिचं बोट बटणावर ठेवलं. पहिले तीन मासे सुटले.

चौथा लागला. आजीने विचारलं, “ह्यो आता कुटं ठेवायचा?”