दंडावरचा शुगर सेन्सर: पैसे वसूल, पण कायमचा नको

एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ७.८ टक्के आलं तरी डॉक्टरांनी लगेच मधुमेहाची गोळी वाढवली नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता ते खाणं आणि हा आकडा जुळत नाही. एकदा सेन्सर लावून बघू." मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशला बसते. आकडा जुळत नाही म्हटल्यावर मला कुठली झोप लागायला! घेतला.

एका सेन्सरला चार-पाच हजार पडतात आणि तो चौदा दिवस चालतो. जाडी एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी. दंडाच्या मागच्या बाजूला टचकन बसतो, खरंच दुखत नाही. फोन त्याच्याजवळ धरला की साखरेचा आकडा आणि आलेखाची रेघ दिसते. आंघोळ, स्वयंपाक, दळण आणायला जाणं, सगळं त्याच्यासकट करता येतं. फक्त ब्लाउजच्या बाहीचा काठ त्यावर येणार नाही एवढं बघा, नाहीतर काढता-घालता अडकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याचा बारीक तंतू कातडीखाली असतो आणि तो थेट रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे बोट टोचून येणाऱ्या आकड्याच्या तो पाच-दहा मिनिटं मागे चालतो. साखर भराभर चढत किंवा उतरत असली की दोन आकड्यांत चांगलाच फरक दिसतो. दुकानदार हे सांगत नाही, मग माणूस पहिल्याच दिवशी "यंत्र खोटं" म्हणून मोकळा होतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं तरी दाब पडून आकडा उगाचच खाली येतो. रात्री अडीचला मला ५८ दाखवला, बोट टोचलं तर ११२. म्हणून शंका आली की बोट टोचून मोजायचं जुनं ग्लुकोमीटर काढायचंच, ते अडगळीत टाकू नका.

एवढं सांभाळलं की मग मात्र हा सेन्सर जे दाखवतो ते लॅबच्या कागदावर कधीच दिसत नाही. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी. सरासरीत डोंगर-दऱ्या कुठे दिसतात? इथे दिसतात, आणि कोणत्या ताटलीने डोंगर केला तेही कळतं.

माझा पहिला धक्का भडंग. आमच्याकडे भडंग म्हणजे हलकं खाणं, चारच्या चहाबरोबर टेबलावर पुडा फुटतो आणि सगळ्यांचे हात त्यात. कुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, पचायला वेळच लावत नाही. पाऊण तासात १३५ वरून २१०! तोच चहा बिनसाखरेचा आणि सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले तर रेघ जवळजवळ सपाट. कांदेपोह्यांनीही २००च्या पुढे नेलं. पण निम्मे पोहे आणि वर मटकीची उसळ घेतली तेव्हा १६५ला थांबलं. गुरुवारच्या साबुदाणा खिचडीबद्दल लिहितच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच. सासूबाईंनी तो आलेख बघितला आणि पुढच्या गुरुवारी स्वतःहून राजगिऱ्याची भाकरी थापली. बारीकशी एकच.

भाकरीवरून आठवलं. "पोळी सोडा, ज्वारी खा, शुगर खाली येते" हे आमच्या काउंटरवर येणारा प्रत्येक दुसरा माणूस सांगतो. सेन्सर काही तसं म्हणेना. माझ्या दोन भाकऱ्यांनी दोन पोळ्यांपेक्षा साखर जास्तच चढवली. मग पिठाचा गोळा काट्यावर ठेवला: पोळीला तीस ग्रॅम पीठ, भाकरीला साठ! १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६७-६८ ग्रॅम आणि चोकरासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात ६४च्या आसपास, म्हणजे तसा फारसा फरक नाहीच. ज्वारी चांगलीच आहे, मलाही मालदांडी आवडते, पण ती औषध नाही. एक भाकरी, वाटीभर पिठलं आणि ताट भरेल एवढी मेथी घेतली की १६०च्या वर गेलं नाही. तीच भाकरी आधी आणि भाजी नंतर खाल्ली तर आकडा जास्त, भाजी-उसळ आधी आणि भाकरी-भात शेवटी तर कमी. या क्रमावर रीतसर अभ्यासही झालेले आहेत. आपल्याकडे आधी वरणभात वाढायची पद्धत, ती या रोगाला अगदीच सोयीची नाही. जेवून उठल्यावर गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या तर रेघ डोळ्यांदेखत वाकते, कारण चालणारे स्नायू ती साखर उचलतात. गोळीनंतर मला सगळ्यात खात्रीचा वाटलेला उपाय हाच, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एक कोडंही सुटलं. उठल्या उठल्या १२८, आणि पोटात काही नसताना आंघोळ करून येईपर्यंत १४६. पहाटे शरीर कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात ढकलतं, म्हणून हे होतं. उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसली की घरचे "रात्री काय खाल्लंस?" म्हणून उलटतपासणी घ्यायचे, ती बंद झाली.

आता तक्रार, आणि ती यंत्रापेक्षा यंत्राच्या नादाची आहे. सेन्सरला फक्त साखर दिसते. मला बीपीची गोळीही आहे आणि कोलेस्टेरॉलही काठावर आहे. एका लग्नात दोन बटाटेवडे खाल्ले, रेघ हळूहळू चढली, डोंगर झालाच नाही. कारण सरळ आहे, तेलाने पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून साखर रेंगाळत चढते. म्हणून वडा पोह्यांपेक्षा बरा ठरतो का? पापड, लोणचं यांनी रेघ जवळपास हलत नाही, पण दिवसाला सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या आंब्याच्या लोणच्याच्या दोन फोडी त्यातला बराच वाटा गिळून टाकतात. नुसता आलेख बघून ताट लावलं तर शुगर सुधारेल आणि बीपी बिघडेल. ऑफिसातल्या एकाने माझं बघून सेन्सर लावला आणि भात-पोळी सोडून चीज आणि अंडा-फ्रायवर आला. आलेख झकास आहे, पण लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करायला तयार नाही!

दुसरं म्हणजे डोक्याला लागणारा चाळा. सुरुवातीला मी घरी असले की सारखा नवऱ्याचा फोन दंडाला लावत होते. खाल्ल्यावर १५०-१६० होणं म्हणजे आजार बळावणं नव्हे. जेवणानंतर १८०च्या आत राहणं हेच बहुतेक मधुमेहींचं उद्दिष्ट असतं. तब्येत सांभाळायची म्हणून काळजीच लागत असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही.

घ्यायचा असेल तर अशा पंधरवड्यात घ्या की ज्यात रोजचं साधं जेवण असेल, एखादा उपवास येईल आणि एखादं लग्न-बारसंही. सगळं "पथ्याचं" खाऊन आलेख काढलात तर पाच हजार पाण्यात. काय खाल्लं आणि किती वाजता, हे वहीत लिहा, नाहीतर चौदाव्या दिवशी नुसत्या रेघा हातात राहतात. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना हा वारंवार लागू शकतो आणि त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. माझ्यासारख्या नुसत्या गोळीवर असणाऱ्यांना वर्षातून एकदा पुरे. गोळ्या मात्र आलेख बघून स्वतःच्या स्वतः कमी-जास्त करू नका.

आणि विकत घेण्याआधी तुमच्या फोनवर तो चालतो का हे विचारून घ्या. माझ्या फोनला एनएफसी, म्हणजे जवळ धरून सेन्सर वाचायची सोय, नाही, त्यामुळे पंधरा दिवस माझी साखर नवऱ्याच्या फोनमध्ये होती. भडंगाचा पुडा लपवायला जागा उरली नाही.